वाघ नेमकं तेच हरीण का उचलतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बिबट्याच्या वावराबद्दल लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरणारे होते, की शिकारी प्राणी ठरवतो कसा, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यावरच. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताडोबाच्या सफारीत गाइड म्हणाला की वाघ कळपातलं आजारी नाहीतर म्हातारं हरीणच मारतो, धडधाकट प्राण्याला हात लावत नाही. शाळेतपण हेच शिकलो होतो. खरं आहे का? – एक वाचक, नागपूर

अर्धं खरं आहे. गाइडचं चुकलं म्हणून सोडून देता येत नाही कारण तो जे सांगतो त्यामागे खराखुरा अभ्यास आहे, फक्त तो अभ्यास वाघाचा नाही, लांडग्यांचा आहे.

अमेरिकेत लेक सुपीरियर नावाचं समुद्रासारखं तळं आहे आणि त्यात आइल रॉयल नावाचं बेट. तिथं लांडगे आणि मूस (म्हणजे घोड्यापेक्षाही उंच भरणारं हरीण) यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे, आजपर्यंत. डेव्हिड मेक हे तिथले सुरुवातीचे संशोधक, ते हिवाळ्यात छोट्या विमानातून बर्फावरच्या लांडग्यांचा माग काढायचे. त्यांनी नोंदलेल्या प्रसंगांत लांडग्यांनी ७७ मूसना प्रत्यक्ष आजमावून बघितलं आणि त्यातले मारले किती, तर ६. बाकीचे एकतर पळून सुटले किंवा जागेवर पाय रोवून उभे राहिले, आणि उभा राहिलेल्या मूसच्या एका लाथेत लांडग्याची बरगडी मोडू शकते, त्यामुळे लांडगे थोडा वेळ बघतात आणि निघून जातात. पुढे त्याच बेटावर मेलेल्या मूसची हाडं वर्षानुवर्षं गोळा केली गेली, तेव्हा दिसलं की लांडग्यांनी मारलेल्या मोठ्या मूसमध्ये म्हातारे आणि सांधे झिजलेले बरेच निघतात. खुब्याचं हाड जिथं बसतं तिथं खडबडीत वाढ झालेली, म्हणजे पळताना दुखतच असणार.

आता यात एक गोष्ट नीट बघा. लांडग्याला आधीपासून माहीत नसतं की हा आजारी आहे, तो सगळ्यांनाच पळवून बघतो आणि जो मागे पडतो तो मरतो, म्हणजे निवड पळवण्यातून होते. आपल्याकडे हे काम रानकुत्री करतात, विदर्भात ज्यांना कोळसून म्हणतात ती. टोळीनं मागे लागायचं, दमवायचं, आलटून पालटून पुढे यायचं. अशा शिकारीत कमजोर प्राणी आपोआप गाळला जातो.

वाघाची शिकार मुळात अशी नसतेच. वाघ लांब पळू शकत नाही. तो गवताच्या, बांबूच्या आडोशानं वीस-पंचवीस मीटरपर्यंत पोचतो, जमलं तर त्याहून जवळ, आणि मग चार-सहा झेपांत निकाल. एवढ्या कमी वेळात कुणाला लंगडं-धडकं तपासत बसणार? तो भाजीबाजारात टोमॅटो दाबून बघितल्यासारखा कळप निरखत बसत नाही. त्याच्यासाठी महत्त्वाचं काय असतं, तर कोण जवळ आहे, कुणाचं तोंड खाली आहे, वारा कुठून येतोय, मध्ये झुडूप आहे का. पाण्यावर आलेली चितळं तुम्ही बघितली असतील, एक पाणी पितं तेव्हा दुसरं मान वर करून कान फिरवत असतं, आणि एखादं असतं की जे पुढच्या पायांवर वाकून पाणी पीतच राहतं, डोकं वर काढतच नाही. अडचणीत ते येतं, मग तब्येत कितीही ठणठणीत असो.

दबा धरणाऱ्यांच्या बाबतीत बेसावधपणा किती महाग पडतो हे आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत चित्त्यांवर केलेल्या कामात छान दिसलं होतं. क्लेअर फिट्झगिबन यांनी १९८९ मध्ये ते छापलं. चित्ता थॉमसन गॅझेलच्या (आपल्या चिंकाऱ्यासारखं छोटं हरीण) कळपाकडे दबकत जातो तेव्हा शेजारशेजारच्या दोन गॅझेलपैकी जी कमी वेळा मान वर करत होती तिलाच तो जास्त वेळा लक्ष्य करत होता. म्हणजे चित्तापण निवड करतो, पण जी सध्या आपल्याकडे बघत नाही ती शोधतो.

आणि एक गंमत सांगतो. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा या तिघांच्या शिकारीचा अभ्यास केला, तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चितळ, सांबर आणि रानडुकरांमध्ये मोठे नर त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त मारले जातात असं दिसलं. आता नर सांबर म्हणजे हरणांमधला सगळ्यात तगडा गडी, मग तो का? कारण नर बऱ्याचदा एकटा फिरतो, त्याच्यासाठी पहारा द्यायला चार जोड डोळे नसतात, आणि माजाच्या दिवसांत तर तो खाणंपिणं सोडून माद्यांच्या मागे आणि दुसऱ्या नरांशी झुंजण्यात इतका गुंतलेला असतो की मागे काय चाललंय याचं भान नसतं. कमजोरी शरीराचीच असते असं नाही, प्रसंगाचीपण असते. माझ्या मते सफारीत हेच सांगायला पाहिजे, कारण "वाघ फक्त आजारी प्राणी मारतो" हे ऐकायला बरं वाटतं पण त्यामुळे वाघ समजत नाही.

प्रश्न : आमची वस्ती उसाला लागून आहे. बिबट्या दोन वर्षांत तीन कुत्री घेऊन गेला पण शेळ्या होत्या त्या राहिल्या. शेजाऱ्याकडे मात्र उलटं झालं, एका रात्रीत गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या मारल्या आणि खाल्ली एकच, तीपण अर्धी. बिबट्याला कुत्रं जास्त आवडतं का? आणि खायचं नव्हतं तर मारल्या का? – एक शेतकरी, जुन्नर तालुका

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं तुमच्या उपयोगाची आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कुत्र्याचं. तुमच्या शेजारच्याच भागात, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं होतं, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथंही जंगल नाहीच, ऊस, मका, वस्त्या, गावं. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं होती, आणि त्यात एकटं कुत्रं ३९ टक्के. शेळी फक्त ११ टक्के. आता खरी गोष्ट पुढे आहे, त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती! म्हणजे बिबट्याला शेळी सातपट जास्त दिसायला हवी, आणि तरी तो कुत्र्यावर जगत होता.

आवडीनिवडीचा यात फार संबंध नाही. शेळी रात्री आत बांधलेली असते, दार लावलेलं असतं, शेजारी माणूस झोपलेला असतो. कुत्रं रात्रभर मोकळं, उकिरड्याशी, उसाच्या कडेला, रस्त्याच्या टोकाला, वर भुंकून आपण कुठं आहोत ते सांगतं. बिबट्याला वीस-पंचवीस किलोचं जनावर सगळ्यात सोयीचं पडतं, जगभरातल्या बिबट्यांचा हिशोब मांडला तेव्हा दहा ते चाळीस किलोच्या दरम्यानचे प्राणी त्याच्या पसंतीचे निघाले, कारण एवढं वजन तो एकटा पटकन मारू शकतो, उचलून नेऊ शकतो आणि मारताना स्वतःला इजा व्हायची शक्यता कमी. गावठी कुत्रं त्यात बरोबर बसतं. शेळीपण बसते म्हणा, पण ती दाराआड आहे, कुत्रं दाराबाहेर आहे. तुमच्या शेळ्या वाचल्या त्या तुमच्या गोठ्यामुळे वाचल्या, हे लक्षात ठेवा.

आता शेजाऱ्यांचं नुकसान. हे ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण एका रात्रीत अख्खी मिळकत जाते. आणि त्यानंतर गावात बोललं जातं की बिबट्या रक्ताला चटावला, सूड घेतला. तसं काही नसतं. रानात बिबट्यानं एक भेकर धरलं की बाकीचे क्षणात पसार होतात, त्याच्यासमोर काही उरतच नाही, त्यामुळे एक मारायचं आणि ओढत न्यायचं एवढंच होतं. गोठ्यात काय होतं? त्यानं एक शेळी धरली, बाकीच्या ओरडतात, उड्या मारतात, भिंतीवर आदळतात पण बाहेर पडू शकत नाहीत. शिकाऱ्याच्या मेंदूत झडप घालणं आणि खाणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, समोर धडपडणारं जनावर दिसलं की झडप घातली जाते, पोट भरलंय का रिकामं हा प्रश्न तेव्हा येतच नाही. हान्स क्रूक नावाच्या संशोधकांनी १९७२ मध्ये यावर लिहिलं होतं, त्यात सेरेंगेटीतल्या एका वादळी काळोख्या रात्रीचं उदाहरण आहे, तरसांनी तेव्हा ८२ गॅझेल मारून टाकल्या होत्या आणि त्यातल्या थोड्याच खाल्ल्या होत्या. त्या मिट्ट अंधारात गॅझेल पळाल्याच नाहीत. जिथं भक्ष्याला पळता येत नाही तिथं असं होतं, मग ते आफ्रिकेतलं माळरान असो नाहीतर आपल्याकडचा पत्र्याचा गोठा.

म्हणून सांगतो, अर्धवट गोठा हा उघड्या गोठ्यापेक्षाही वाईट. तीन बाजूंनी भिंत आणि वर नुसतं छप्पर टेकवलेलं, मध्ये दीड फुटाची फट, तिथून बिबट्या आत येतो आणि शेळ्यांना मात्र बाहेर जाता येत नाही. फट राहायला नको, वर जाळी छपरापर्यंत न्या, दाराला खालून उकरता येणार नाही अशी फरशी नाहीतर कोबा घाला, कडी बाहेरून पक्की. कोंबड्यांची जाळी चालत नाही, ती पंजानं फाटते, वेल्डमेश लागते. खर्च आहे, पण एकदाचा आहे. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघूर (जाळी) लावतात आणि त्याच्या कडेला स्वतः झोपतात, कुत्रीही आत-बाहेर असतात, त्यांनी हा धोका पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेला आहे. गावातला उकिरडा आणि कोंबड्यांचा टाकाऊ माल आवरला तर कुत्री कमी जमतात आणि कुत्री कमी झाली की बिबट्याला वस्तीपाशी घुटमळायला कारणही कमी उरतं. जनावर मारलं गेलं तर पंचनाम्याआधी ते हलवू नका, लगेच वनविभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे.

प्रश्न : टीव्हीवर दाखवतात की शेकडो प्राणी पळतात आणि सिंह त्यातल्या एकाच्याच मागे लागतो. मध्ये दुसरा प्राणी जवळ आला तरी त्याला पकडत नाही. असं का करतो? – इयत्ता आठवीतली एक वाचक, कोल्हापूर

खूप बारकाईनं बघितलंस. कारण असं की मध्येच बेत बदलला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

खूप प्राणी एकदम हलायला लागले की शिकाऱ्याचे डोळे कुणा एकावर टिकत नाहीत, याचे, त्याचे, परत याचे असे फिरत राहतात आणि तेवढ्यात सगळे निसटतात. याला गोंधळाचा परिणाम म्हणतात आणि माशांवर प्रयोग करून तो नीट दाखवलेला आहे. १९८६ मध्ये लान्डो आणि टेरबोर्ग या दोघांनी टाकीत बास नावाचा शिकारी मासा सोडला आणि त्याच्याबरोबर चंदेरी छोटे मासे. एकटा चंदेरी मासा असला की बास त्याला झटक्यात पकडायचा, पण माशांची संख्या वाढवत नेली तसा त्याचा नेम चुकायला लागला, थवा मोठा झाल्यावर तर तो नुसताच इकडे तिकडे धडकायचा. मग त्यांनी काय केलं, त्या थव्यात एक-दोन मासे निळे रंगवून सोडले. लगेच बासला परत शिकार जमायला लागली! वेगळा दिसणारा एक जण असला की नजर त्याच्यावर ठरते. म्हणून कळपातले प्राणी इतके एकसारखे दिसतात आणि एकसारखे वळतात, आणि लंगडणारा किंवा मागे पडलेला जो असतो तो कमजोर तर असतोच, पण वेगळा दिसतो म्हणूनही नजरेत भरतो.

आणि एक गोष्ट. गॅझेल कधीकधी पळताना मध्येच चारही पाय ताठ करून उंच उड्या मारते, बघितलं असशील. वाटतं की मागे रानकुत्रे लागलेत आणि ही वेळ का घालवतेय? सेरेंगेटीतल्या आफ्रिकन रानकुत्र्यांच्या शिकारी बघितल्या (१९८८ चा अभ्यास आहे) तेव्हा लक्षात आलं की कमी उड्या मारणाऱ्या गॅझेलच्या मागे ते जास्त लागतात. जी भरभर उड्या मारू शकते तिच्यात दम आहे, तिच्या मागे धावून उपयोग नाही, हे त्यांना कळतं. उडीमुळे दोघांचाही त्रास वाचतो.

आपल्या जंगलात सांबर "पोंक" करून ओरडतं, वानर झाडावरून खाकरतं, तेपण नुसतं सोबत्यांसाठी नसतं. बिबट्याला त्यातून कळतं की आपण दिसलोय. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात रेडिओ कॉलर लावलेल्या बिबट्यांवरून दिसलंय की माकडांनी ओरडायला सुरुवात केली की बिबट्या दबा सोडून दुसरीकडे निघून जातो. दबा धरणाऱ्याचा सगळा खेळ लपण्यावर, तो उघडा पडला की बसून राहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याकडे दर उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्यांवर वाघाचे हल्ले होतात. म्हणतात की वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. यात तथ्य आहे का? – एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

आहे, पण सगळे हल्ले त्यानं समजत नाहीत.

वाघाच्या डोळ्यांना जे भक्ष्य ओळखीचं आहे ते चार पायांचं, आडव्या अंगाचं, मान खाली घातलेलं. उभा माणूस त्या ओळखीत बसत नाही, म्हणून जंगलात वाघ माणसाला बघून बहुतेक वेळा बाजूला होतो, तुम्ही लोक हे रोज अनुभवता. पण मोहाखाली बसून फुलं वेचणारी बाई, तेंदूची पानं खुडायला वाकलेला माणूस, शौचाला बसलेला माणूस हे सगळे गवताच्या आडून कमी उंचीचे, आडवे दिसतात, चेहरा खाली, पाठ झुडपाकडे आणि हातातल्या कामात लक्ष गुंतलेलं. वर मोह वेचायची वेळ पहाटेची, वाघाच्या फिरण्याची तीच. नागपूरच्या वाचकाला वर जे लिहिलं तेच इथं लागू होतं, बेसावध आणि एकटा.

चेहऱ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. सुंदरबनात १९८० च्या दशकात मध आणि लाकडं गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागे घालायचे मुखवटे दिले होते आणि सुरुवातीच्या काळात त्याचा उपयोग झाला होता, कारण वाघ मागून येतो आणि मागेही चेहरा दिसला की बिचकतो. याच कल्पनेवर अलीकडे बोट्सवानात ओकावँगोच्या त्रिभुज प्रदेशात गुरांवर प्रयोग झाला, २०२० मध्ये तो छापून आला. काही गायींच्या ढुंगणावर मोठे डोळे रंगवले, काहींवर नुसती फुली, काही तशाच सोडल्या. चार वर्षांत डोळे रंगवलेली ६८३ गुरं होती, त्यातलं एकही सिंह-बिबट्यानं मारलं नाही. फुलीवाल्या ५४३ पैकी ४ गेली आणि काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५. आपल्याला कुणीतरी बघतंय एवढं वाटलं तरी दबा धरणारा शिकारी माघार घेतो. पण सुंदरबनातल्या अनुभवावरून अशा युक्त्यांची वाघाला सवयही होते असं म्हणतात, त्यामुळे एकट्या मुखवट्यावर विसंबून राहू नये.

तरी सगळे हल्ले शिकारीसाठी नसतात हे परत सांगतो. पिल्लं असलेली वाघीण, मारलेल्या जनावरावर बसलेला वाघ, अचानक दोन हातांवर माणूस समोर आल्यानं दचकलेला वाघ, यात खाण्याचा विचारच नसतो. आणि जखमी किंवा दात मोडलेला वाघ ही आणखी वेगळी गोष्ट. म्हणून जाताना चार-पाच जणांनी मिळून जा, उजाडल्यावरच जा, बोलत राहा, एकानं उभं राहून चौफेर बघत राहायचं आणि पाळीपाळीनं बदलायचं, झुडपाकडे पाठ करून बसायचं नाही. ज्या घरात चूल मोहावर आणि तेंदूवर चालते त्यांना "जंगलात जाऊ नका" असं सांगणं मला पटत नाही, त्यांना काम करता येईल अशी व्यवस्था हवी.

प्रश्न : मी डेन्व्हरजवळ राहते. इथल्या हरणांना एक मेंदूचा रोग झालाय आणि माउंटन लायन (म्हणजे प्यूमा) तीच हरणं खातात असं वाचलं. मग ते आजारी प्राणी ओळखतात म्हणायचं ना? – एक वाचक, कोलोरॅडो

हो, तुमच्या राज्यातलाच अभ्यास आहे, २०१० चा. तिथल्या म्यूल डियरना जो रोग होतो त्यात हरीण हळूहळू खंगत जातं. माउंटन लायननं मारलेल्या हरणांमध्ये हा रोग असण्याचं प्रमाण त्याच भागात शिकाऱ्यांनी बंदुकीनं मारलेल्या हरणांपेक्षा जास्त होतं. आणि माउंटन लायन तर वाघासारखाच दबा धरणारा. मग वर मी जे लिहिलं ते खोटं ठरतं का? मला नाही वाटत. या रोगात हरणाचं भान जातं, कान हलवणं, आवाजाकडे वळणं मंदावतं, आणि माणसाला तो रोग दिसायच्या आधीपासूनच ते बेसावध होत असणार. आपल्याला वरून धट्टंकट्टं दिसणारं हरीण मांजरकुळातल्या शिकाऱ्याला सोपं दिसू शकतं.

प्रश्न : वाघ एवढा भगवा, तरी हरणांना दिसत कसा नाही? – एक वाचक, ठाणे

हरणांना आपल्यासारखे तीन रंगांचे नाही, दोनच रंगांचे ग्राहक असतात डोळ्यांत, लाल-हिरव्यातला फरक त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी वाघ गवताच्याच रंगाचा, वर पट्ट्यांमुळे अंगाची कड तुटते. वाघ हलला की मात्र लगेच कळतं, म्हणून तो पाऊल टाकतो आणि थिजतो, परत टाकतो.

प्रश्न : मी बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाघानं काय खाल्लं, किती टक्के खाल्लं हे संशोधक कसं काढतात? शिकार तर क्वचितच दिसते. आणि वाघ मोठेच प्राणी का मारतो, ससे खाऊन नाही का जगू शकत? – एक विद्यार्थी, पुणे

विष्ठेवरून. वाचायला किळसवाणं वाटेल पण भारतातलं बहुतेक ज्ञान त्यातूनच आलंय. जंगलातल्या वाटांवर विष्ठा शोधायची, जागा आणि तारीख लिहून पिशवीत भरायची, वाळवायची, मग बारीक चाळणीत पाण्याखाली धुवायची. सगळं वाहून गेलं की चाळणीत राहतात केस, हाडांचे तुकडे, कधी अख्खं खूर, दात, साळिंदराचे काटे. केस पचत नाहीत आणि प्रत्येक प्राण्याचा केस वेगळा. त्यातले काही केस न निवडता उचलायचे, स्लाइडवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या आतला गाभा आणि वरच्या खवल्यांची नक्षी बघायची. चितळाच्या केसात आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, वानराच्या केसात गाभा बारीक. आधीच तयार केलेल्या नमुना स्लाइडशी ताडून बघायचं. काम डोळे दुखवणारं आहे पण एकदा हात बसला की भराभर होतं.

इथं एक फसवणूक आहे ती सांभाळावी लागते. छोट्या प्राण्याला वजनाच्या मानानं कातडी आणि केस जास्त, म्हणून दहा भेकरांचे जेवढे केस सापडतील तेवढे तेवढ्याच वजनाच्या एका रानगव्याचे सापडत नाहीत, नुसते केस मोजले तर वाटेल वाघ छोट्याच प्राण्यांवर जगतो. त्यासाठी गणितात दुरुस्ती करतात. उलट ज्यांनी नुसती मेलेली जनावरं शोधली त्यांना मोठी जनावरंच दिसतात, कारण गव्याचा सांगाडा आठवडाभर पडलेला असतो आणि भेकराचं दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. म्हणून दोन्ही पद्धती वापरतात, आणि त्याबरोबर जंगलात कुठला प्राणी किती आहे याची मोजदादही लागते, नाहीतर "निवड" म्हणताच येत नाही. समजा वाघाच्या खाण्यात चितळ निम्मं आहे आणि जंगलातही निम्मं चितळच आहे तर त्यानं काही निवडलेलं नाही, जे समोर आलं ते खाल्लं.

आता सशांचं. नागरहोळेच्या त्या अभ्यासात मुख्य भक्ष्याचं सरासरी वजन वाघासाठी ९१.५ किलो, रानकुत्र्यासाठी ४३.४ आणि बिबट्यासाठी ३७.६ किलो निघालं. एकाच जंगलात तिघं राहू शकतात त्याचं एक कारण हेच. वाघाला आठवड्याला साधारण एक चितळ-सांबराएवढी शिकार लागते, वर्षाला पन्नासच्या आसपास. दबा धरायला लागणारा वेळ आणि ताकद सशाला आणि सांबराला जवळपास सारखीच, आणि बरेचसे प्रयत्न फसतात हे धरून चाल, मग दोन किलो मांसासाठी एवढं करून शरीर चालणार कसं? ख्रिस कार्बोन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांसभक्षकांचा असा हिशोब मांडला होता, की साधारण वीस-बावीस किलोच्या खालचे शिकारी किडेमुंग्या, उंदीर यांवर भागवू शकतात, त्यावरच्या वजनाचा प्राणी मात्र स्वतःच्या तोडीचं जनावर मारल्याशिवाय जगू शकत नाही. वाघ ससा खात नाही असं नाही, मिळाला तर खातो, पण त्यावर पिल्लं वाढत नाहीत. म्हणून ज्या जंगलातली सांबरं संपली तिथं वाघाची संख्या ढासळते, झाडं कितीही उभी असली तरी. कोयनेपासून चांदोलीपर्यंतचं सह्याद्रीतलं जंगल वाघासाठी परत उभं करायचं तर आधी तिथं चितळ-सांबर भरपूर व्हायला हवं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

तुला यात पुढे जायचं असेल तर देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळूरला एनसीबीएसमध्ये (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) वन्यजीवांवरचे एमएस्सी कोर्स आहेत, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते. तोपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये कुत्रा, मांजर, शेळी, म्हैस यांचे केस घे, नेलपॉलिशच्या पातळ थरावर दाबून खवल्यांचे ठसे काढ आणि चारी स्लाइड शेजारी ठेवून बघ, फरक पहिल्याच दिवशी दिसतो.